बारा पस्तीसचं लग्न

पालीच्या पंचक्रोशीत लग्न वेळेवर लागलं तर लोक म्हणायचे, "भारत आला असंल." भारत म्हणजे बौद्धाचार्य. एस.टी.च्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं नटबोल्ट पिळून निवृत्त झालेला, आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा घालून लोकांची लग्नं लावणारा. पत्रिकेवर जी वेळ छापली त्या वेळेला हा माईक हातात घेणार म्हणजे घेणार. तलवाड्याला एकदा नवरदेवाचा बाप दाढी करत बसला होता. भारतनं वंदना सुरू केली. बाप एका गालाला फेस तसाच ठेवून मांडवात पळत आला आणि हात जोडून उभा राहिला. लोक अजून सांगतात.

"मुहूर्त आपल्या आज्यानंच सोडला," भारत म्हणायचा, "म्हणून काय वेळ बी सोडायची?"

अशी दोन-अडीचशे लग्नं त्यानं लावली, पण मनात एकच लग्न होतं. बहिणीच्या मुलीचं, चैतालीचं. बोबडं बोलायची तेव्हा त्यानं तिला मांडीवर घेऊन त्रिशरण शिकवलं होतं. तिच्या लग्नात ते तिच्या तोंडून, सगळ्या गावासमोर ऐकायचं, एवढीच त्याची हौस. पत्रिकेवर वेळ त्यानंच टाकली होती, दुपारी बारा पस्तीस.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो मांडवात पोचला तर बहीण पंचशीला तोंड लपवत फिरत होती.

"काय गं, काय झालं?"

"काही न्हाई दादा. ते फोटोवाल्या पोरानं टाइमटेबल धाडलंय. तुमी बघा, पण चिडू नका."

ज्याला चिडू नका म्हणतात त्याचं अर्धं चिडणं तिथंच होऊन जातं. उरलेलं भारतनं फोन हातात घेऊन पुरं केलं. बीडहून आलेल्या सौरभ नावाच्या फोटोग्राफरनं अख्खा दिवस कापून वाटे घातले होते. नऊला मेकअप. अकराला बिंदुसरा धरणावर नवरा-नवरीचं शूटिंग. दोनला धुरातून एन्ट्री. तीनला 'विधी, ११ मिनिटे'. पाच चाळीसला सोनेरी उजेडात हार. त्यानंतर जेवण. आणि खाली ठळक अक्षरात, 'तोपर्यंत पाहुण्यांनी खुर्च्या सोडू नयेत, फ्रेम भरलेली दिसावी.'

भारतला शिसारी आली. वरण पातेल्यात आटणार, पुऱ्यांचे पापड होणार, आणि धारूरचा घाट उतरून आलेली म्हातारी माणसं फ्रेम भरायला बसणार.

"हे कुणी ठरवलं?"

"चैतालीनंच. तिच्या मैतरणीच्या लग्नात तसंच होतं म्हणं."

"मग माझी पत्रिका कामून छापली? पाच चाळीसचा मुहूर्त छापायचा की. भटाजीला हाकललं आन् क्यामेरावाल्याला पाटावर बसवलं."

बारा पस्तीसला त्यानं माईक हातात घेतला खरा, पण समोर नवरी नव्हती. ती धरणाच्या भिंतीवर पदर उडवत होती. पंख्यानं उडत नाही म्हणून नवरदेवाचा मित्र बाळू तो हातानं उडवत होता आणि कॅमेरा येताच खाली बसत होता. ही बातमी मांडवात फोनवरच आली. आयुष्यात पहिल्यांदा भारतनं माईक परत ठेवला.

नवरा-नवरी धरणावरून अडीचला आले. मशीनमधून धूर सुटला. पुढच्या रांगेतल्या तुळजाबाईला दम्याची उबळ आली, तिला उचलून मागं नेलं. सौरभ म्हणाला, "मस्त, जागा झाली, एन्ट्री परत घेऊ." तीन वेळा घेतली.

मग विधी. भारतनं मेणबत्त्या पेटवल्या, फुलं वाहिली आणि डोळे मिटून सुरुवात केली. बुद्धं सरणं गच्छामि. मागून चैतालीचा आवाज आला. तोच, मांडीवरचा, फक्त बोबडेपण गेलेला. भारतचा राग जरा निवला. तेवढ्यात 'दुतियम्पि' आलं आणि सौरभनं खांद्याला हात लावला.

"अंकल, हे झालं ना मघाशी? रिपीट कशाला? अकरा मिनिटं आहेत."

"तीनदा म्हणायचं असतंय बाबा. तुझी एन्ट्री बी तीनदा झाली."

लोक हसले. भारतनं पंचशील घेतलं, दोघांकडून प्रतिज्ञा वदवून घेतल्या, एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाला, "हार घाला."

"नाही, नाही!" सौरभ धावला. "हार पाच चाळीसला! आत्ताचा उजेड एकदम फालतू आहे."

चैतालीच्या हातात हार तसाच राहिला. ती एकदा सौरभकडं बघे, एकदा मामाकडं.

"घाल बाई," भारत हळूच म्हणाला.

तिनं घातला. फुलं उडाली, साधु साधु झालं, जयमंगल गाथा झाल्या. लग्न लागलं. साडेतीनच्या फालतू उजेडात.

सौरभ मात्र हात बांधून उभा होता. "काही हरकत नाही. संध्याकाळी सगळं परत घेऊ. अंकल, तुम्ही बोलायचं पण नाही, फक्त ओठ हलवा. आवाज आम्ही काढून टाकतो, वरून गाणं लावतो."

"म्हंजे मघाचं बी काढून टाकणार?"

"ते तर उजेडातच बसत नाही."

भारत चैतालीकडं वळला. ती खाली बघत म्हणाली, "मामा, तेवढं करा की. आयुष्यभराची आठवण हाय."

"आठवण झाली की आत्ता. तुला न्हाई व्हय राहिली?"

भारतनं माईक तोंडाजवळ घेतला.

"मंडळी, लग्न लागलंय. पंगत बसू द्या."

उपाशी वऱ्हाडाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पाच मिनिटांत खुर्च्या ओस पडल्या. "खुर्च्या सोडू नका," म्हणून सौरभ ओरडत होता, तर एक म्हातारा त्याला म्हणाला, "तूच बस बे त्येच्यावर, आमी येतो जेवून." जेवून लोक जीपांत बसले ते गावालाच गेले.

पाच चाळीसला सोनेरी उजेड ठरल्या वेळेला आला. खुर्च्यांवर वाढपी बसवले, हातातली पळी मागं लपवून. भारतची जागा बाळूनं घेतली, कुणाचा तरी पांढरा सदरा घालून. त्याला वंदनेची एक ओळ येत नव्हती.

"काय म्हणू?" बाळूनं विचारलं.

"काही म्हण. आकडे म्हण," सौरभ म्हणाला.

बाळू डोळे मिटून गंभीरपणे आकडे म्हणू लागला. एक, दोन, तीन. समोर चैताली हात जोडून उभी होती, मान झुकवून, पापण्या मिटून. दुपारी मामासमोर उभी होती त्यापेक्षा कितीतरी मन लावून.

मांडवाच्या मागं टाकीपाशी भारत हात धूत होता. पंचशीला जवळ येऊन म्हणाली, "दादा, राग धरू नका. पोरगीच हाय."

"राग कुठला गं," भारत म्हणाला, आणि तोंडात पाणी घेऊन त्यानं दोनदा चूळ भरली. बाळू तेव्हा सतरावर पोचला होता.