आप्पामामांच्या रोपवाटिकेचं पहिलं पान

देवळाली प्रवरात कुणालाही विचारलं तर आप्पासाहेबांची ऊस रोपवाटिका सापडते. विचारायला माणूस नसेल तर मात्र सापडत नाही, आणि यंदाच्या जानेवारीत नेमकी तीच अडचण झाली.

आप्पासाहेब माझे मामा, म्हणजे आईचे चुलतभाऊ. वय पंचावन्न. बावीस वर्षं साखर कारखान्याच्या शेतकी विभागात हंगामी कामगार होते, कायम कधी झाले नाहीत. मग घरामागच्या वीस गुंठ्यांत त्यांनी शेडनेट उभं केलं. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा कापायचा, ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरून त्यात लावायचा, महिनाभरात वीतभर रोप तयार होतं. शेतकऱ्यानं ते नेऊन सरळ सरीत लावायचं. डोळा कापताना मामा एक शब्द बोलत नाहीत. एरवी गप्प नसतात. तालुक्यातल्या कुठल्या घराची सोयरीक कुठल्या गावात, कुणाला गुडघ्याचा त्रास आहे, कुणाची म्हैस आटली, सगळं त्यांना माहीत. मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी एकशे चौदा नावं छापली होती, निमंत्रक, व्यवस्थापक, शुभेच्छुक अशी सगळी. एका आत्येभावाचं नाव राहिलं म्हणून पाचशे पत्रिका परत छापून आणल्या. रतनमामी आजही तो उरलेला गठ्ठा चूल पेटवायला वापरतात.

जानेवारीत झालं असं, की शेवगावकडच्या एका शेतकरी गटानं एक लाख रोपांची मागणी सांगितली होती. मामांनी रोपं केली. लागणीच्या तोंडावर गटाच्या विहिरींचं पाणी उतरलं आणि त्यांनी यंदा ऊस धरायचाच नाही असं ठरवलं. आजूबाजूच्या गावांतल्या लागणी तोवर उरकल्या होत्या. ट्रेमधलं रोप फार तर दोन महिने थांबतं. पुढे मुळ्या एकमेकींत गुंततात आणि रोप आतून खलास होतं. मामांच्या रोपांना तेव्हा छत्तीस दिवस झाले होते.

त्यांनी मला फोन केला. मी नगरला वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात काम करते.

"निकिता, लोकं आता रोपं मोबाईलवर हुडकतेत म्हनं. मंग आपलं नाव त्यात का येत न्हाई? वेबसाइट तर हाय आपली."

रविवारी मी गेले. वेबसाइट तीन वर्षांपूर्वी राहुरीच्या एका दुकानात करून घेतलेली होती, मजकूर मामांनी स्वतः सांगितलेला. मी ती उघडली. पहिलं पान म्हणजे हुबेहूब लग्नपत्रिका होती. वर देवाचा फोटो. खाली प्रेरणास्थान, मार्गदर्शक, आधारस्तंभ, शुभेच्छुक. त्र्याऐंशी नावं, आणि प्रत्येक नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचं स्वतंत्र पान. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, "इतर माहिती". त्यातून पुढे "आमची शेती", त्यातून "फोटो", आणि त्या फोटोंच्या खाली एका ओळीत: ऊस रोपे मिळतील.

मी मामांना समजावलं. सर्च इंजिन प्रत्येक पान उघडून वाचतं आणि त्या पानाकडे बाकीच्या पानांतून किती रस्ते येतात ते बघतं. जिकडे जास्त रस्ते, ते पान मोठं. आपल्या साइटवर सगळ्या पानांवरून एक रस्ता भिमाजीमामांकडे जातो, कारण त्यांचं नाव प्रत्येक पानावर प्रेरणास्थान म्हणून आहे. रोपांकडे मात्र एकच वाट, तीही तीन दारं ओलांडून.

"म्हणजे यंत्राला वाटतंय, इथं भिमाजीमामा मिळतात," मी म्हटलं.

रतनमामी धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोटं काय हाय त्यात? रोज सकाळी च्याला मिळतातच की."

मी शोधून बघितलं. "ऊस रोपे राहुरी" असं टाकलं तर बारा पानं उलटूनही मामांचा पत्ता नव्हता. भिमाजीमामांचं नाव टाकलं, पहिला नंबर.

भिमाजी हे मामांचे सख्खे चुलतभाऊ. रोपांसाठी लागणारं शुद्ध बेणं, म्हणजे डोळे कापायचा ऊस, त्यांच्याच तीन एकर प्लॉटमधून येतं. जात चोख, रोग नाही. ते बेणं नसेल तर मामांची रोपवाटिका म्हणजे नुसती हिरवी जाळी. आणि आपलं नाव पहिल्या नंबरला येतं हे भिमाजीमामांना चांगलं माहीत होतं. सोसायटीत, दूध डेअरीवर, ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर ते दाखवत असत.

"पहिल्या पानावर फक्त रोपं ठेवायची," मी म्हटलं. "सगळी नावं आत एका पानावर."

"अगं, नाव खाली गेलं तर मानूस मांडवात येत न्हाई."

"येऊन तरी काय करायचाय?" मामी म्हणाल्या. "त्र्याऐंशी जनांनी मिळून किती रोपं नेली? तुमचा तो आत्येभाऊ, ज्याच्यापायी पत्रिका दोनदा छापल्या, त्यानं तर रोपं सोडून कांड्याच लावल्या औंदा."

मामांनी नखानं खुर्चीचा हात खरवडला. मग म्हणाले, "कर."

दोन दिवस मी तेच काम केलं. पहिल्या पानावर रोपं. उसाच्या प्रत्येक जातीचं एक पान, लागण कशी करायची याचं एक, कुठल्या तालुक्यात पोहोच मिळते याचं एक. जातीच्या पानावरून लागणीकडे, लागणीच्या पानावरून पोहोचेकडे, सगळीकडून परत रोपांकडे असे रस्ते जोडले. नावं आतल्या एका पानावर गेली. काम स्वच्छ झालं होतं. मला उगाच आशा वाटायला लागली. मग सर्च इंजिनला कळवलं, येऊन बघून जा.

इथून पुढे माझ्या हातात काही नव्हतं. ते कधी येईल, काय ठरवेल, हे कुणी सांगू शकत नाही. कधी चार दिवस लागतात, कधी दोन महिने. मामा रोज फोन करायचे.

"आला का त्यो?"

"नाही मामा."

"पुन्यात त्याच्या हापिसात कुनी वळखीचं?"

"तसं नसतं हो ते."

"कुनीतरी आसतंच गं. कारखान्यात मी बावीस वर्सं काढली, मला नको सांगू."

पुढच्या रविवारी मी परत गेले, त्याच दिवशी भिमाजीमामा आले. चहा घेतला नाही. उभ्यानंच मोबाईल पुढे केला.

"आप्पा, मी कुठं गेलो?"

"हायेस की. आत हायेस."

"आत म्हंजी मागल्या दाराला. तुझा बाप गेल्यावर तुला कुनी उभं केलं? बेनं कुनाचं हाय? डेअरीवर त्या अंगदनं समद्यांपुढं विचारलं, भिमाजी, तुमचं नाव काढलं वाटतं. काय सांगू त्याला?"

"भिमा, त्या यंत्राला नावं कळत न्हाईत रं."

"यंत्राला नसतील. तुला कळतेत का न्हाई?" जाताना दारातून म्हणाले, "पुढल्या साली बेन्याचं तुझं तू बघ."

मी मामांना सांगत होते की आता हात लावू नका, मध्येच बदललं तर यंत्राचा आणखी गोंधळ होतो. त्यांनी ऐकून घेतलं. माझं म्हणणं त्यांना पटलंही होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"त्याचं येक नाव वर घे," मामा म्हणाले. "बाकीची ऱ्हाऊ दे आत."

मी घेतलं. फोटोसकट, पहिल्या पानाच्या माथ्यावर. रोपं त्याच्या खाली.

त्यामुळे उशीर झाला का, मला खरंच सांगता येणार नाही. कदाचित उशीर होणारच होता. जानेवारी संपला तेव्हा मामांची रोपवाटिका शोधात नवव्या पानावर होती, फेब्रुवारीच्या दहा तारखेला चौथ्यावर. चौथ्या पानापर्यंत कुणी जात नाही. मी रोज बघायची आणि मामांना नुसतं "वर सरकतंय" सांगायची. तिकडे मामा रोपांचे शेंडे छाटून त्यांची वाढ रोखत होते. तीनदा छाटले. चौथ्यांदा पानं पिवळी पडायला लागली. पाव्हण्यारावळ्यांनी मिळून सहा-सात हजार रोपं नेली, तीही बहुतेक मामांना बरं वाटावं म्हणून.

वीस फेब्रुवारीला ट्रे रिकामे करायला घेतले. रोप उपटलं की कोकोपीटाचा गड्डा मुळ्यांसकट विटेसारखा निघायचा. मामा प्रत्येक गड्डा हातात धरून बघायचे, मग बाजूला टाकायचे. भिमाजीमामा ट्रॅक्टर घेऊन आले आणि रोपं ट्रॉलीत भरू लागले, गोठ्यातल्या जनावरांसाठी.

"माझ्याच उसाचं हाय शेवटी," एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून चार खेपा केल्या.

सहा मार्चला वेबसाइट पहिल्या पानावर आली. तिसऱ्या नंबरला. मी ऑफिसात होते, मला आनंद व्हायला हवा होता. मामांना कळवावं की नाही हेच ठरेना. त्याआधी त्यांचाच फोन आला.

"निकिता, येवल्याहून फोन आल्ता. मंग वैजापूर. आता नेवाशाहून. समदे म्हनतेत, तुमचं नाव लई वर दिसलं."

"हो मामा."

"त्याला आता थांब म्हनता येतं का? पुढल्या डिसेंबरपर्यंत?"

"नाही येत."

"बरं," ते म्हणाले.

फोन बंद ठेवा, असं मी सुचवलं. ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं. प्रत्येकाचा फोन उचलतात, कुठले, कुणापैकी, पाणी किती आहे विचारतात, रोपं संपली म्हणून सांगतात आणि कोल्हारच्या दुसऱ्या रोपवाटिकेचा नंबर देतात. काल मी गेले तेव्हा रिकामे ट्रे धुवायचं काम चाललं होतं. पाठ होऊन बसलेले ते दहा आकडे मामा एकेक करून सांगत होते, पलीकडचा माणूस लिहून घेत होता. मग मामांनी त्याला एकदा परत म्हणून दाखवायला सांगितलं.