बाप्पाचा बिननंबरी ट्रेलर

"सिरियल नंबर?" शेरिलने विचारलं.

"नाही."

"टायटल? आधीच्या मालकाचे पेपर्स?"

"आधी मालकच नव्हता. आम्हीच बनवलाय."

"मेक?"

मी सोबत आलेल्या नितीनकडे बघितलं. नितीन म्हणाला, "होममेड."

शेरिल म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कालगुर्लीतली वाहन-तपासनीस. तिने चष्मा कपाळावर चढवला, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि वाकून खालून बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मग म्हणाली, "होम कुठलं, मेट? जहाजं बनवता का तिथे?"

नितीनने हे कौतुक समजून मान डोलावली. माझ्या मनात मात्र तिथेच पाल चुकचुकली.

मी केतकी. इथल्या सोन्याच्या खाणीत मेकॅनिकल इंजिनियर, साइटवर सगळ्यांची केट. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढणं. काहीही उचलायचं किंवा ओढायचं असेल, तर त्या हुकावर, साखळीवर, सांगाड्यावर माझी सही लागते. कुणी ड्रॉइंग घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "लोड किती?" उत्तर नसेल तर मी ड्रॉइंग उघडतसुद्धा नाही. या प्रश्नामुळे साइटवर माझा दरारा आहे. निदान त्या दिवसापर्यंत मला तसं वाटायचं.

ट्रेलर का बनवला, तर बाबांसाठी. माझे वडील कराडहून आमच्याकडे आले होते. ड्रॉइंगचे मास्तर होते ते, आणि घरचा गणपती जन्मभर स्वतःच्या हाताने केला. तो दरवर्षी नदीत नाहीतर विहिरीत सोडला. या वेळी विमानातून उतरल्या उतरल्या म्हणाले, "केतू, एकदा माझ्या हातचा गणपती समुद्रात सोडायचाय. पुढल्या खेपेला हे गुडघे मला विमानात चढू देतील असं वाटत नाही." आमच्यापासून समुद्र म्हणजे एस्परन्स, चार तासांचं ड्राइव्ह. बाबांनी स्केच काढून दाखवलं. चार फुटांची मूर्ती, मागे प्रभावळ. गाडीत मावण्यासारखी नव्हतीच.

माझा नवरा मंदार हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तो म्हणाला, "ट्रेलर भाड्याने मिळतो की." इथल्या आमच्या मराठी मंडळात इंजिनियर नसलेला हा एकटाच, म्हणून आम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ज्या ट्रेलरमधून लोक जुन्या गाद्या कचराडेपोत नेतात, त्यात बाप्पा? शोभतं का?

बॉस ग्लेनला विचारून साइटच्या भंगारातलं स्टील आणलं आणि मंडळातल्याच नितीनच्या शेडमध्ये काम सुरू झालं. आमच्या धंद्यात फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून एक प्रकार असतो. शंभर किलो पेलायचं असेल तर दोनशे पेलेल असं बनवायचं, म्हणजे रात्री झोप लागते. एका माणसाने तो एकदा लावला की काम भागतं. आमच्या शेडमध्ये प्रत्येक जण येऊन स्वतःचा लावायचा. मी सांगाड्याला लोखंडी अँगल निवडला. नितीन म्हणाला, "बाप्पा आहेत गं, रिस्क नको," आणि त्याने त्याहून जाडजूड चॅनेल टाकला. आणखी कुणी फरशीला जाड चेकर प्लेट घातली. बाप्पाच्या बाबतीत "बास झालं" कोण म्हणणार? वाईटपणा कोण घेणार? मी तर नाहीच घेतला. उलट साइटवरची एक जुनी साखळी मीच आणून लावली. तिने डंपर ओढला असता.

आणि या सगळ्यात लोड किती, हे कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

तर आता पुन्हा शेरिलकडे. तिने नीट समजावलं. घरी बनवलेल्या ट्रेलरला कागदपत्रं नसतात, हा गुन्हा नाही. घरीच जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला काढतात, तसंच हे. आधी वजनकाट्यावर रिकामं वजन करून आणायचं. मग तपासणी. मग लायसन्सिंगवाले एक लांबलचक नंबर देतात, त्याला व्हिन म्हणतात. तो ट्रेलरच्या दांड्यावर पंचने ठोकून कोरायचा. पुन्हा दाखवायचा, की नंबरप्लेट मिळाली.

"आणि ही साखळी काढ," ती म्हणाली. "हिच्यावर ट्रेलरच्या साखळीचा छाप नाहीये."

"अगं, ही त्याच्या दसपट मजबूत आहे."

"असेल. छाप नाहीये."

हे वाक्य मी स्वतः साइटवर शेकडो लोकांना ऐकवलंय. किती चिडचिड होते ते मला त्या दिवशी कळलं.

आम्ही वजनकाट्यावर गेलो. काटेवाल्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "सातशे पाच!"

"आमची गाडी धरून?" नितीनने आशेने विचारलं.

"नुसता ट्रेलर, मेट."

आता यातली मेख सांगते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सामानासकट त्याचं वजन साडेसातशे किलोच्या वर जाऊन चालत नाही. आमच्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. म्हणजे एवढं हत्तीसारखं धूड बांधून त्यात कायद्याने नेता येणार होतं पंचेचाळीस किलो. इथल्या वीस-वीस किलोच्या सिमेंटच्या दोन गोण्या आणि वर थोडे मोदक.

शेरिलने कागद बघितला आणि मान वर करून मला विचारलं, "केट, लोड किती आहे?"

मी तिच्या हातातून कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी साइटवर ही बातमी माझ्या आधी पोचली होती. ग्लेन दारातच उभा. "केट, तुझ्या देवाचं वजन किती?"

"ठाऊक नाही."

"ड्रॉइंग न उघडता परत पाठवू का मग?"

सगळे हसले. मीपण हसले, दुसरं काय करणार? पण चतुर्थी चार दिवसांवर आली होती. चार फुटांची भरीव मातीची मूर्ती पंचेचाळीस किलोत बसेल, हे मला स्वतःला पटेना. ब्रेक पर्थहून मागवायचे तर ते विसर्जनानंतर आले असते. बाबा मात्र गॅरेजमध्ये शांतपणे सोंडेवरून ओला हात फिरवत बसले असतील, असं मला सारखं दिसत होतं.

संध्याकाळी मी बाथरूममधला वजनकाटा घेऊन गॅरेजमध्ये गेले. नितीन आणि मंदार मागोमाग. उंच स्टुलावर ओल्या फडक्याखाली मूर्ती झाकलेली होती. माती हळूहळू वाळावी म्हणून बाबा ती झाकून ठेवत, आणि डोळे लिहून होईपर्यंत कुणी बघायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

"बाबा, मूर्तीचं वजन करायचंय."

बाबांनी काट्याकडे बघितलं. "देवाला काट्यावर ठेवायचं? वेड लागलंय का तुला?"

"अहो, अजून प्रतिष्ठापना कुठे झालीय? सध्या मातीच आहे ना?"

"मातीला हात लावला तेव्हापासून देवच असतो तो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पायाखालचा काटा तो. त्याच्यावर देव?"

मग मी सगळं खरं सांगून टाकलं. शेरिल, सातशे पाच, पंचेचाळीस, सगळं. सांगता सांगता रडूच आलं मला. "बाबा, तुमचा समुद्र राहणार हो माझ्यामुळे."

बाबा चपला काढून काट्यावर उभे राहिले. "वाच किती ते." एकसष्ट. मग खाली उतरले, स्टुलापाशी गेले, नमस्कार केला आणि फडकं काढलं.

जेमतेम दोन फुटांचा गणपती. प्रभावळ नाही, काही नाही. इतका गोड, की आम्ही तिघंही बघत राहिलो.

बाबांनी तो लेकरासारखा कवेत घेतला आणि परत काट्यावर चढले. "आता वाच. माझं वजन केलंस, देवाचं नाही."

ऐंशी.

"एकोणीस किलो," मंदार म्हणाला. तो गणितात कच्चा नाही, इंजिनियर नाही इतकंच.

"पण काका, स्केचमध्ये चार फूट होता!" नितीन कळवळला.

"मोठा केला तर तडकत होता. इथली हवा फार कोरडी. म्हणून आटोपशीर केला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे? रोज शेडमधून काळी तोंडं घेऊन यायचात, इतके खूश." बाबा जरा घुटमळले. "खरं सांगू? तो लोखंडी रणगाडा बघून मला झोप लागत नव्हती. ओली माती, त्यात रस्त्याचे दणके. वाटायचं, समुद्रापर्यंत पोचायचा नाही हा. पण पोरांचं मन कसं मोडू?"

नितीन मटकन खाली बसला. "खाणीत काम करून शेवटी डोंगर पोखरून उंदीरच काढला आपण."

ट्रेलर मात्र पास झाला. नवी बारीक साखळी लावली. व्हिन मीच कोरला, एकेक अक्षर ठोकत. शेरिलने बोट फिरवून तपासला. "या ट्रेलरला काहीही होणार नाही," ती म्हणाली. "रस्त्याची काळजी वाटते."

विसर्जनाच्या दिवशी आम्ही तो झेंडूच्या माळा घालून गाडीला जोडला. आत एक सतरंजी, एक ढोलकी आणि मोदकांचा डबा. रिकामा ट्रेलर खडखडत इतका उडत होता, की एस्परन्सला पोचेपर्यंत मोदकांचा लगदा झाला. बाप्पा मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. शेजारी बाबा, चार तास त्याच्या पाठीवर हात ठेवून. चाळीस वर्षं मी त्यांना गणपती करताना बघितलं. त्याच्या शेजारी इतकं निवांत बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

पाण्यात बाबा गुडघ्यापर्यंत गेले. त्याच गुडघ्यांपर्यंत. एकही चीर न गेलेला गणपती त्यांनी स्वतः सोडला आणि मागे वळून म्हणाले, "पोचला गं."

ट्रेलर आमच्या दारात उभा असतो. रजिस्ट्रेशन दरवर्षी भरते. शेजारीपाजारी त्यातून जुन्या गाद्या कचराडेपोत नेतात, एका वेळी दोन.

साइटवर ड्रॉइंग घेऊन कुणी आलं की मी अजूनही विचारते, "लोड किती?" उत्तर आलं की आता पुढे आणखी एक विचारते, "फडकं काढून बघितलंस का?" पोरं गोंधळतात. ग्लेन आतल्या केबिनमधून ओरडतो, "जा रे, आधी बघून ये!"