सर्व्हरला घातलेला दसऱ्याचा हार

तो दसरा आठवला की अजून डोकं तापतं. तापल्यावर मी फार हास्यास्पद दिसतो, असं बायकोचं मत आहे. तरी सांगतो.

चाकणच्या आमच्या कारखान्यात लेबल लागल्याशिवाय माल बाहेर पडत नाही आणि लेबलं छापतो सर्व्हर. त्याचं फर्मवेअर बदलायचं होतं. फर्मवेअर म्हणजे बोर्डातच बसवलेला प्रोग्राम. सर्व्हर चालू केला की आधी तो उठतो, मग बाकीचे. तो बदलत असताना वीज गेली तर सर्व्हरचं नुसतं खोकं उरतं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली शिफ्ट हात चोळत बसते. म्हणून मी साहेबांना म्हणालो, "सुट्टीचं मी तिथे जाऊन करतो."

"अरे, मग रिमोट कशाला घेतलंय? घरून कर. दसऱ्याला कोण असतं तिथे?"

रिमोट म्हणजे सर्व्हरच्या पोटातली वेगळी चिप. सर्व्हर बंद असला तरी ती जागी असते, म्हणून पिंपळे सौदागरला घरी बसून चाकणचं बटण दाबता येतं. सणाला सासरे आले होते. त्यांना शेजारी बसवून मी ते ऐटीत दाबलं. पडद्यावर टक्के चढत होते, इकडे मी फुगत होतो.

"म्हणजे जावईबापू, तिथे माणूस लागतच नाही?"

"अजिबात नाही!" म्हणालो, आणि संपर्क तुटला.

चिप जागी असते खरी, पण वीज असेपर्यंत. मेंटेनन्सच्या मामांना फोन लावला. ते चाकणजवळच्याच गावचे.

"व्हय सायेब, पूजा चाललीया. मेन स्विच पाडलाय. मशीनला आज इसावा."

"अहो, पण बॅटरीवरचा यूपीएस होता ना?"

"त्योबी पाडला. चालू मशीनला फूल कोन वाहतंय? तुमच्या सर्व्हरलाबी हार घातलाय, झकास."

मामांवर काय चिडणार? दर दसऱ्याला हेच होतं, आणि दर दसऱ्याला मीच तिथे उभा राहून पेढा खातो. या वर्षी मात्र पूजा आहे हे ना साहेबांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. मी सासऱ्यांना शिकवण्यात गर्क. पण साहेबांना फोन केला तर त्यांचं पहिलं वाक्य काय? "तू साइटवर का नव्हतास?"

फोन केलाच नाही. मोटरसायकल काढली. भोसरीपासून पुढे रस्ताभर हार घातलेल्या नव्या कोऱ्या गाड्या आणि त्यांच्यामधून हेल्मेटच्या आत साहेबांना शिव्या देत जाणारा मी. मोशीच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, सणाचं कुणावर एवढं चिडताय?"

सर्व्हरच्या कपाळी कुंकू होतं आणि आत प्राण नव्हता. हार काढला, झाकण उघडलं. नशीब, बोर्डावर फर्मवेअरची दुसरी, जुनी प्रत होती. पिन बदलली, मामांना मेन चढवायला लावला आणि तिच्यावर तो उठवला. मग मामांना मेनपाशी खुर्ची टाकून बसवलं आणि अपडेट पुन्हा पहिल्यापासून केलं.

"मामा, कुणी आलं तरी हात लावू द्यायचा नाही."

"मालक आला तरी?"

"मालक आला तर आधी मला हाक मारा."

झालं एकदाचं. चाचणीचं लेबल छापून निघालं, तेव्हा कुठे मी पूजेचा पेढा तोंडात टाकला. अपडेट झाल्याचा आपोआप जाणारा ईमेल साहेबांना मिळाला असावा, कारण तोच ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला: अपडेट घरूनच यशस्वी, टीमचं अभिनंदन.

घरून! मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, "घरून बिघडलं. चाकणला येऊन दुरुस्त केलं. यापुढे साइटवर माणूस नसेल तर मी बटण दाबणार नाही." आणि बायकोला विचारायच्या आत पाठवून दिलं.

सकाळी शिफ्ट वेळेवर सुरू झाली. पुढच्या अपडेटच्या वेळी साहेबांनी स्वतःहून विचारलं, "मग, कधी जातोयस चाकणला?"

"तुम्हाला कधी जमतंय, साहेब?" मी म्हणालो. "मेनपाशी एक खुर्ची रिकामी आहे."