हृदयात हाड, घरात दूध बंद

माझ्या बाबांच्या हृदयात हाड सापडलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी दूध बंद झालं.

मी थट्टा करतेय असं कोणाला वाटेल, पण तसं नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, मूळचे रोहण्याचे. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत घर बांधल्यापासून रोज सकाळी फिरायला जाण्याचा त्यांचा नेम होता. गेल्या वर्षी फिरताना त्यांना दम लागायला लागला. त्यांनी आधी दोष चपलांना दिला, मग रस्त्याला, मग सोबत फिरणाऱ्या मित्राला. तो म्हणे मुद्दाम भरभर चालतो. शेवटी एकदा जिना चढून माझ्या खोलीत आले आणि काय सांगायला आले होते तेही न बोलता पलंगावर धापा टाकत बसून राहिले. त्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं.

हृदयाची सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात गाठ होती, झडपेच्या अगदी तोंडाशी. डॉक्टर म्हणाले, अशा गाठी बहुतेक साध्या असतात, काढून टाकल्या की माणूस मोकळा. बाबांनी पडद्याकडे पाहून आपलं निदान सांगितलं. "गेटपाशी दगड अडकून राह्यला. पाणी पुढं जाईन कसं?" डॉक्टर हसून हो म्हणाले, आणि तेव्हापासून बाबा स्वतःला हृदयाचे जाणकार समजायला लागले. कोणी छातीत दुखतं म्हणालं की त्याला कालव्याचा नकाशा काढून दाखवत.

नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ निघाली. ती तपासायला गेली आणि तिच्यात हाड निघालं. कॅन्सरच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं, बाबांपासून काही लपवलं नाही. हा हाडाचा कॅन्सर आहे, पण तो सुरू झालाय हृदयात. त्याच्या पेशी जिथं बसतात तिथं स्वतःच कच्चं हाड तयार करतात. हे फार म्हणजे फारच क्वचित होतं. अंगातल्या दुसऱ्या एखाद्या हाडातून तर तो आला नाही ना, हे बघायला डोक्यापासून पायापर्यंत सगळी हाडं स्कॅन केली. ती शाबूत निघाली, फक्त गुडघे झिजलेले.

"पाहा," बाबा म्हणाले, "जिथं पायजे तिथं झिजलं अन् नको तिथं उगवलं. आमच्या खात्यात बी असंच काम चाले."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. केमो देऊ म्हणाल्या, पण हा परत येतो, कधी येईल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर मी मोरीत जाऊन रडले. आई रडली नाही. तिनं मामाला फोन लावला.

मामा आर्वी डेपोतून निवृत्त झालेला कंडक्टर. जन्मभर लोकांना कुठं उतरायचं ते सांगितल्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री आहे. तो आला, पाणी प्यायला, आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला.

"भाऊजी, हाड कायचं बनते?"

उत्तराची वाट न बघता त्यानंच सांगितलं.

"कॅल्शियमचं. मंग हे कॅल्शियम तुमच्या आतमधी आलं कुठून?"

आम्ही सगळ्यांनी बाबांच्या खिशाकडे पाहिलं. तिथं चुन्याची डबी होती. उभी नोकरी बाबांनी कालव्याच्या पाळीवर तंबाखू आणि चुना मळत काढलेली.

"थेंब थेंब बसत गेला," मामा म्हणाला. "आमच्या बसच्या रेडिएटरमधी क्षार बसे, तसा."

इतकी पटण्यासारखी गोष्ट डॉक्टरबाईंनी सांगितली नव्हती. त्यांनी सांगितलं होतं की हे का होतं ते कोणालाच नीट माहीत नाही. आता माणसानं 'माहीत नाही' घेऊन घरी काय करायचं? रेडिएटर हातात धरता येतो. चुन्याची डबी आईनं तिथल्या तिथं काढून घेतली आणि तंबाखूही सुटली, एवढं एक चांगलं झालं. पण मामा तेवढ्यावर थांबणारा नव्हता. त्यानं मोबाईल काढला.

दूध बंद, दही बंद, ताक बंद. शेवग्याच्या शेंगा बंद. तीळ बंद. मटणातली नळी बाबांच्या ताटातून उठून मामाच्या ताटात गेली. नाचणी आमच्या घरात कधी आलीच नव्हती, तीही बंद झाली. मागच्या भिंतीला चुना मारायचा होता, तो बेत आईनं रद्द केला. उन्हानं हाडं मजबूत होतात असं मामाला सापडलं, तेव्हा बाबांना उन्हात बसायची मनाई झाली. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये ही मनाई पाळायला त्यांना काही त्रास झाला नाही. शेजारचे माळीकाका प्रेमानं शेंगांची जुडी घेऊन बाबांना बघायला आले, तर आईनं ती दारातूनच परत दिली. पुढे कित्येक दिवस ते आमच्याकडे बघत नव्हते. मी जाऊन त्यांना समजावलं, तर म्हणाले, "हृदयात हाड कुठी राह्यते का बाई? भाजी नको असंन तं तसं सांगा."

माझं मत कोणी विचारलं नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात माझ्या बोलण्याला काही अर्थ नाही.

बाकी सगळं बाबांनी सोसलं, पण चहा नाही. बाबांचा चहा म्हणजे नावाला चहा, त्यात पाणी अगदी पाहुण्यासारखं. आटवलेलं दूध, वर साय, आलं ठेचून. आता पेल्यात काळी चाय यायला लागली. पहिल्या दिवशी त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला.

"याच्यात तळ दिसून राह्यला."

"मंग काय मासोळ्या पायजे?" आई म्हणाली. "गपचूप प्या."

रोज सकाळी हे भांडण. बाबा म्हणत, मले मारतं का? आई म्हणे, वाचवून राह्यली. तिनंही आपल्या चहात दूध घालणं सोडलं होतं, पण ते ती बोलून दाखवत नसे. दूध घ्यायची ती फक्त मी, तेही माझ्या खोलीत, चोरासारखी.

केमो सुरू झाली. बाबांचे केस गेले, भुवया गेल्या, तोंडाला चव राहिली नाही. मान फक्त वाढला. शिकणारे डॉक्टर त्यांना बघायला घोळक्यानं येत, कारण अशी केस पुन्हा कधी बघायला मिळेल याचा नेम नव्हता. बाबा उशीला टेकून त्यांना शिकवत. "तुम्ही पुस्तकात वाचता, मी आणून दाखवून राह्यलो." ओकारी आली तरी हातानं थांबा म्हणून खूण करत, ओकून घेत, आणि मग वाक्य पूर्ण करत.

डॉक्टरबाईंनी वजन बघितलं आणि विचारलं, हे खातात काय? मला संधी मिळाली. मी सगळं सांगितलं, अगदी भिंतीच्या चुन्यासकट. बाईंनी आईचा हात धरून शांतपणे सांगितलं की खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, त्या पेशी दूध पिऊन हाड करत नाहीत, यांना ताकद पाहिजे, दूध द्या, अंडी द्या, सगळं द्या. आई मान डोलवत होती. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "पोरगी चांगली हाय. लहान हाय अजून." अंडी मात्र सुरू झाली. टरफलात कॅल्शियम असतं म्हणून उकडलेलं अंडं ती धुऊन देई.

वैशाखी पौर्णिमेला विहारात खीर असते. खीर वाढायचा मान बाबांचा, तो त्यांनी टक्कल झाकायला टोपी घालून बजावला. आई पातेल्याजवळ राखण करत उभी होती. बाबा प्रत्येकाच्या वाटीत डाव ओतत आणि विचारत, "कशी झाली? साखर बरोबर हाय? वेलची लागते का?" लोक म्हणत, फार छान झाली. बाबा म्हणत, "नीट सांग, घाई नको करू." एका पोराकडून तर त्यांनी दुधाच्या दाटपणाचं सविस्तर वर्णन करून घेतलं. त्या दिवशी मी आईवर फार चिडले. घरी येऊन सगळं बोलले. म्हटलं, कॅन्सर परत येणार असं डॉक्टर सांगतात, दिवस किती आहेत माहीत नाही, जेवढे आहेत तेवढे तरी त्यांनी आपल्या आवडीचा चहा पिऊन काढावेत. तू त्यांच्या तोंडचं काढून घेतेस आणि त्याला औषध म्हणतेस.

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग मी काय करू? केमो तं मले देता येत नाई."

मी तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडू लागले. पण मी हट्ट सोडला नाही. आमच्या घरात हट्ट सगळ्यांकडेच आहे.

पावसाळा संपता संपता पुन्हा स्कॅन झालं. बाबा बाहेर चाकाच्या खुर्चीत बसून वॉर्डबॉयला धरणाच्या दरवाज्यांबद्दल सांगत होते. डॉक्टरबाईंनी मला आणि आईला आत बोलावलं. परत आलंय म्हणाल्या. तिथंच, आणि फुफ्फुसातही. आणखी औषधं देता येतील, पण त्यांना झेपतील असं वाटत नाही. मग थांबून म्हणाल्या, "आता त्यांना जे आवडेल ते खाऊ द्या."

आमच्याकडे हे वाक्य सगळ्यांना कळतं. त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. आईनं पदर नीट केला आणि बरं म्हणाली.

वाटेत बाबांनी विचारलं, "काय म्हणे?"

"चांगलं हाय म्हणे," आई म्हणाली. मी खिडकीतून बाहेर पाहत बसले. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले, तर सगळ्या घरात आल्याचा आणि दुधाचा वास होता. आईनं बाबांसमोर चहा ठेवला. आटवलेला, दाट, वर साय. इतके महिने मी ज्याच्यासाठी भांडले तो चहा समोर होता, आणि तो उचलून फेकून द्यावा असं मला वाटलं.

बाबांनी कपाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"हे काय होय?"

"चाय."

"दूध काऊन टाकलं?"

"डॉक्टरीनबाई म्हणे चालते." आई त्यांच्याकडे न बघता पदराला हात पुसत होती. "प्या न. इतके दिवस तं भांडत होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मग त्यांनी बोटानं कप हळूच तिच्याकडे सरकवला.

"घेऊन जा हे. काळी आण."

"प्या म्हटलं न."

"मी अजून पथ्यावर आहो," बाबा म्हणाले. "तू काऊन सोडून राह्यली?"

आई तशीच उभी राहिली. मग कप उचलून आत गेली. भांडं घासल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी उठायला लागले, तर बाबांनी मला खुणेनं बसवलं.

ती डोळे पुसून बाहेर आली. हातात दोन पेले होते, दोन्ही काळे. एक बाबांना दिला, दुसरा घेऊन त्यांच्याजवळ बसली. बाबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."

"आता साखर बी कमीच करायची," आई म्हणाली. "मामानं सांगतलं."