चाशनीकाकांचा नवस

माझ्या धाकट्या काकांच्या सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागायच्या. खऱ्याखुऱ्या, लाल, चावऱ्या मुंग्या. मिलमधून सुटले की ते गेटसमोरच्या दुकानातून जिलेबी बांधून घ्यायचे, अर्धी रस्त्यातच खायचे आणि उरलेली कागदासकट वरच्या खिशात कोंबायचे. घरी पोहोचेपर्यंत पाक कागदातून आणि कापडातून झिरपून छातीवर पिवळा, चिकट डाग पडलेला असायचा. सदरा खुंटीवर टांगला की थोड्याच वेळात भिंतीवरून मुंग्यांची रांग निघायची. काकू तो अंगणात नेऊन झटकायची आणि काका पलंगावर मांडी घालून बोटं चाटायचे. एकेक बोट, मुळापर्यंत, आवाज करत. मला त्या आवाजाची इतकी किळस होती की मी ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवायचे. आम्ही मुलांनी त्यांचं नाव चाशनीकाका ठेवलं, कारण इंदूरच्या मराठी घरांतही पाकाला चाशनीच म्हणतात. ते नाव त्यांना आवडलं, याचाही मला राग यायचा.

गंमत म्हणजे हा माणूस मिलमध्ये कापडावरचे डाग शोधायच्या कामाला होता. तयार ठाण उजेडात धरून कुठे तेल लागलंय, कुठे धागा सुटलाय ते पाहायचं आणि खडूनं खूण करायची. अख्ख्या मिलच्या कापडावरचा डाग त्यांना दिसे, स्वतःच्या छातीवरचा दिसत नसे. "काय करू बेटा, कापड सरकारी नजरेनं बघतो, जिलेबी घरच्या नजरेनं," असं म्हणून ते मोठ्यानं हसायचे आणि हसताना तोंडातला घास दिसायचा. लोकांना मात्र ते फार आवडत. कुणाच्या घरी लग्न असो की मुंज, आचाऱ्याच्या कढईशी पहिली चव बघायला काकाच हवेत. मावाबाटी फोडून आतला मावा शिजलाय की नाही हे ते बोट घालून सांगायचे. तेच बोट परत कढईत जाताना मी पाहिलंय, त्यामुळे त्या लग्नांत मी गोडाला शिवले नाही.

मुंग्या मग खिशापुरत्या राहिल्या नाहीत. मोरीच्या ज्या कोपऱ्यात काका रात्री-अपरात्री लघवीला उभे राहत, तिथे सकाळी मुंग्यांचं वारूळच्या वारूळ जमलेलं काकूला दिसू लागलं. तिनं कुणाला काही न बोलता बादलीभर पाणी ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डायबिटीज निघाला, आणि तोही आजचा नव्हे. परत आल्यावर काकांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून समजावलं, "अरे भिया, सिंपल आहे. शक्कर बाहेर चाललीय ना? मग आत कमी पडेल की नाही? भरायला नको?" हे ऐकून माझे वडीलही हसले. मला ती मोरी आठवली आणि दुपारचं जेवण गेलं नाही.

काकांचं या आजाराचं स्वतःचं शास्त्र होतं. सकाळी कारल्याचा रस प्यायला की दुपारच्या दोन जिलेब्या माफ. गूळ साखरेत धरायचा नाही, कारण तो उसाचा. (साखर कशाची, हे विचारायची सोय नव्हती.) मध तर औषधच. आणि प्रसाद ही तर देवाची जबाबदारी, तो कुणाला कधी बाधलाय? इंदुरात प्रसादाला तोटा नाही. मंगळवारी एका देवळात, गुरुवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. काका इतके भाविक पूर्वी कधीच नव्हते.

सगळ्यात कळस म्हणजे तपासणी. रक्त द्यायचं ठरलं की आधीचा आठवडाभर काका साधू व्हायचे. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चालत जाणं. शाळेतली पोरं परीक्षेआधी घोकतात तसा सगळा प्रकार. मग रिपोर्ट चांगला यायचा. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून काका गल्लीत पेढे वाटायचे! रक्तातली साखर कमी आली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ते पेढे तोंडभर "बधाई हो, काका" म्हणत खाणारी गल्लीही दुसरी पाहिली नाही. डॉक्टरांनाही पेढा गेला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "हे बघा, गोड साफ बंद करा असं मी म्हणतच नाही. पोटभर जेवणानंतर, अर्धा तुकडा, कधीमधी; जेवणात चपाती-भात तेवढा कमी, आणि मग थोडं चालणं. असं खाल तर चवही मिळेल आणि पायही राहतील." काकांनी त्यातलं "बंद करा असं मी म्हणतच नाही" एवढंच ऐकलं आणि घरी येऊन तेवढंच सांगितलं.

त्याच सुमारास मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी भोंगाच वाजला नाही. शहरात मात्र चकचकाट वाढत होता. जिथे मिलचं कापड मिळे तिथे काचेच्या दारांची दुकानं झाली, टीव्हीवर परदेशी चॉकलेटांच्या जाहिराती आल्या आणि मिठाई सोनेरी डब्यांत विकली जाऊ लागली. काका आणि त्यांचे सोबती रोज सकाळी बंद गेटसमोर जमत. पुढारी येत, हात जोडत, मिल सुरू होणारच असं सांगत आणि लाडू वाटून गाडीत बसून जात. ती भाषणं आणि ते तुपकट लाडू, दोन्हींची मला सारखीच शिसारी यायची. काका दोन्ही आवडीनं घ्यायचे. "आशा पे दुनिया कायम है," असं त्यांचे मित्र रामकिशनजी म्हणत. तेही त्याच खात्यात होते, आणि काकांच्या लाडवातला अर्धा लाडू काढून घेण्याएवढं शहाणपण त्या सगळ्या गर्दीत त्यांच्याकडेच होतं.

मिल बंद होती तरी कामगारांनी गणपती बसवला. त्या गणपतीपुढे प्रत्येकानं मिलसाठी काहीतरी सोडलं. कुणी तंबाखू सोडली, कुणी विडी, रामकिशनजींनी चहा. काकूनं घरून निघतानाच काकांना विनवलं होतं, "तुम्ही गोड सोडा. देवाचंही होईल आणि डॉक्टरांचंही. माझ्यासाठी नका सोडू, मिलसाठी तरी सोडा." काका मान डोलावत गेले. मूर्तीपुढे उभे राहिले, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भोंगा पुन्हा वाजेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही."

घरी आल्यावर काकूनं विचारलं, "गोड का नाही सोडलं?" काका खाली मान घालून म्हणाले, "सोडलं असतं तर निभलं नसतं. देवासमोर खोटं कसं बोलू?" त्यांच्या या प्रामाणिकपणाचं मला आजही काय करावं ते कळत नाही. डायबिटीज झालेल्या माणसानं जगातली कुठलीही वस्तू सोडावी, चप्पल सोडू नये, हे डॉक्टरांनी ओरडून सांगितलं. पण नवस बोलला होता, आणि आमच्याकडे बोललेला नवस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग जे सुरू झालं ते पाहवत नव्हतं. वैशाख आला तरी वितळत्या डांबरावरून काका अनवाणी चालायचे. रस्त्यावरच्या पानाच्या पिचकाऱ्या, शेण, दही-कचोरीचे टाकलेले द्रोण, सगळ्यातून. टाचांना भेगा पडल्या आणि भेगांत काळं डांबर जाऊन बसलं. त्याच पायांनी ते पलंगावर चढत. लोक म्हणत, काय तप आहे! पाय पोळत नाहीत, खडा रुतत नाही, सिद्धपुरुषच. पोळणार कुठून? साखरेनं पाय केव्हाचे बधिर झाले होते. त्यांना काही जाणवत नव्हतं आणि लोकांना ते तप वाटत होतं. बायका वाकून त्या पायांना हात लावायच्या आणि तपस्व्याच्या हातावर पेढा ठेवायच्या. मी एकदा एकीला ओरडून म्हटलं, "अहो, तो पेढा नका देऊ!" तर ती म्हणाली, "बेटी, इनका तो व्रत है, इनको क्या होगा?"

व्हायचं ते झालं. एका दुपारी काकूला फरशीवर ओल्या पिवळट ठशांची ओळ दिसली, पलंगापासून दारापर्यंत. वासानं तिला कळलं. तळव्यात बाटलीच्या काचेचा तुकडा घुसला होता, कधीपासून ते काकांना सांगता येईना. जखम धुवायला मी पातेल्यात गरम पाणी घेऊन बसले आणि दोनदा उठून ओकून आले. काका ओशाळून म्हणाले, "बेटा, मला खरंच नाही दुखलं गं." दुखलं असतं तर बरं झालं असतं. इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. भेटायला आलेल्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर मिठाईचे सोनेरी डबे आणून ठेवले. रामकिशनजी रडत होते. "भिया ने मिल के लिए पैर दे दिया," ते म्हणाले. "मिलसाठी नाही, जिलेबीसाठी," मी म्हटलं, आणि ते सगळे डबे उचलून नर्सच्या खोलीत देऊन आले. कुणी मला उद्धट म्हटलं ते बरोबरच होतं.

खरी पंचाईत पुढे होती. डॉक्टरांनी बजावलं की राहिलेला पाय वाचवायचा तर एक क्षणही अनवाणी ठेवायचा नाही. मऊ तळाची चप्पल, घरातसुद्धा. काका कुबड्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, "नवस आहे." काकूनं हात जोडले, वडिलांनी आवाज चढवला, मी बोलणं टाकलं. एकच उत्तर, "भोंगा वाजू दे." आणि तिकडे मिलमधून तुकडे केलेले साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, भंगाराच्या ट्रकांत भरून आमच्याच रस्त्यानं चालले होते. काका ओट्यावर बसून ते ट्रक बघत आणि म्हणत, "जुने नेतायत, नवीन येतील."

शेवटी काकू एकटीच रामकिशनजींच्या घरी गेली. जन्मात कधी चार माणसांत न बोललेली बाई त्यांना म्हणाली, "सगळ्यांना बोलवा. मिल मेली आहे. तिचं तेरावं घालायचंय." रामकिशनजी आधी घाबरले, मग त्यांनी डोळे पुसले आणि निघाले. आमच्या अंगणात पानं मांडली. खात्यातले सगळे म्हातारे आले, धुतलेले कपडे घालून, मयताच्या घरी यावेत तसे गप्प. तेराव्याला चप्पल आणि छत्री दान देतात. काकूनं नव्या मऊ चपला आणल्या होत्या. त्यातली एक तिनं काकांच्या पायाशी ठेवली.

"हे काय?" काका म्हणाले.

"दान. तेराव्याचं दान परत नाही करत."

"पण ते भटजींना देतात."

"जिचं तेरावं, तिनं ज्याला जन्मभर जेवू घातलं त्याला देतेय. मेलेल्याकडे नवस उरत नाही. घाला."

काकांनी एकेका सोबत्याकडे पाहिलं. कुणीच "नवीन येतील" म्हणालं नाही. रामकिशनजींनी फक्त मान हलवली. तेव्हा काका पहिल्यांदा रडले. "गेली रे मिल," म्हणत लहान मुलासारखे हुंदके देत रडले, आणि रडता रडता त्यांनी पाय पुढे केला. चप्पल काकूनं घातली. मग सगळे जेवले. तेराव्याला तोंड गोड करायचं असतं, म्हणून जिलेबी होती. काकांना काकूनं आधी भाकरी, वरण, भाजी वाढली, ती संपेपर्यंत समोर बसून राहिली आणि मग अर्धी जिलेबी ठेवली. त्यांनी ती अर्धी जिलेबी इतक्या हळू खाल्ली की बाकीच्यांची पानं उचलून झाली.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, आणि अर्ध्यावर जगले. अर्धा पेढा, अर्धी पुरणपोळी, तीही जेवणाच्या शेवटी, आणि मग कुबड्या टेकत गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. चप्पल झोपताना तेवढी सुटायची. पाय रोज संध्याकाळी काकू मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासायची, जसे ते पूर्वी ठाण तपासायचे. "आधी मी गिळायचो बेटा," ते मला एकदा म्हणाले, "चव आता कळते." मी तेव्हा त्यांच्यासमोर बसून जेवत होते, आणि ताट उचलून जावंसं वाटलं नव्हतं.

काका गेले ते झोपेतच, हृदयानं. तेराव्याला घर भरलं. मयताचं पान वेगळं वाढतात, तसं त्यांचं वाढलं. एक चुलतबहीण परात घेऊन पुढे झाली. "आता कसला आलाय डायबिटीज! खाऊ दे बिचाऱ्यांना मनसोक्त," म्हणत तिनं पानावर जिलेब्यांचा ढीग रचला. पाक वाहत जाऊन भाताला लागला, माशा आल्या, आणि सगळे कौतुकानं बघत राहिले. या लोकांनी त्यांना जिवंतपणी असंच भरवलं होतं आणि मेल्यावरही सोडत नव्हते.

भिंतीला टेकून बसलेली काकू उठली. पानाशी बसून तिनं एकेक जिलेबी उचलली आणि परातीत परत टाकली. शेवटची हातात राहिली, ती मोडून तिनं अर्धी पानावर ठेवली.

"अगं काकू, आज तरी!" बहीण म्हणाली.

"नको गं," काकू म्हणाली. "एक पाय राहिलाय त्यांचा. तो सांभाळायचाय."