दादाच्या वेगळ्या भांड्यातलं तेल

माझा थोरला भाऊ धाकू चाळिशीला आला तरी एका जागी पाच मिनिटं टिकत नसे. जाळं विणायला घेतलं, अर्धं. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स, अर्धा. लग्नही अर्ध्यावर राहिलं, कारण साखरपुड्याच्या दिवशी हा कुणाच्या तरी होडीचं इंजिन बघायला गेला आणि तिथेच रमला. आळशी म्हणाल तर मुळीच नव्हता. डोकं भलतीकडे धावायचं, एवढंच. लोक त्याला बिनडोक म्हणत. मला लोकांचा राग यायचा आणि त्याचाही.

आमची आई, जाईबाई, ठाण्याच्या मासळीबाजारात बसायची. तिने त्याच्या डोक्याला ब्राह्मीचं तेल चोपडलं, भिजवलेले बदाम चारले, बुद्धी वाढवणारी म्हणून मिळतील ती सगळी टॉनिकं पाजली. काडीचा फरक पडला नाही.

एकोणनव्वद साली त्याने कोपरच्या महिपतबुवांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतली. कोळ्याच्या घरात माळकरी म्हणजे मासळी बंद आणि त्याची भांडीही वेगळी. आई रडली. मी म्हटलं, "रडू नकोस, पंधरा दिवसांत सोडेल." दोन वर्षं झाली, सोडली नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने धरून ठेवली होती.

तेव्हा तो वर्तकनगरच्या एका सोसायटीत पाण्याचा पंप चालवायचा. पंप सुरू करून हा कुठेतरी निघून जायचा आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी जिन्याने खाली यायचं. सेक्रेटरींनी बजावलं, "पुन्हा टाकी वाहिली तर दुसरा माणूस ठेवू." ही त्याची चौथी नोकरी होती. पाचवी कोण देणार होतं?

मी शाळेत शिकवायचे. घरात डॉक्टरांशी बोलण्याचं काम माझ्याकडे. नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, "मोठ्या माणसांचंही लक्ष असं टिकत नाही कधी कधी. माशाच्या तेलाच्या गोळ्या देऊन बघा. काहींना बरं वाटतं म्हणतात. खात्री नाही देत." जन्मापासून मासळीवर वाढलेल्या माणसाला माशाचं तेल! मला हसू आलं. तरी घेतल्या, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

माळकऱ्याला सांगून तो घेणार नव्हता. त्याच्या वेगळ्या भांड्यातली आमटी मीच करायची. रोज एक गोळी टाचणीने टोचून तिच्यात पिळायची, वरून हिंगाची फोडणी दडपून. मासळीचा वास आमच्या भिंतींनाच होता, त्याला वेगळा कुठून येणार? वाईट वाटायचं. पण टाकी वाहायची थांबली. अकरा महिने एकदाही वाहिली नाही. दादा म्हणायचा, "विठ्ठलाची कृपा." मी मनात म्हणायचे, गोळीची.

मग वार्षिक परीक्षेची घाई आली. एके दिवशी लक्ष माझंच नव्हतं. गोळी न टोचता तशीच आमटीत पडली. दादाच्या दाताखाली आली. कोळ्याच्या पोराला ती चव सांगावी लागत नाही. त्याने घास बाहेर काढला, बघितला.

"कवरे दिस झाले गो, मंजुळा?"

"अकरा महिने."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हात धुतले आणि कोपरला गेला. बुवा म्हणाले, अजाणता पोटात गेलं त्याचा दोष नाही, माळ राहू दे. पण दादा माळ त्यांच्यापाशीच ठेवून आला. दुसऱ्या दिवशी आईने बोयट मासळीचं कालवण केलं. त्याने ते आमच्याच पातेल्यातून घेऊन खाल्लं. आईला आनंद झाला. मला झाला नाही, अजूनही होत नाही.

आता गोळ्या उघड देता येत होत्या. तीन आठवड्यांत टाकी दोनदा वाहिली. सेक्रेटरींनी दुसरा माणूस ठेवला. गोळी तीच होती, मात्राही तीच. फक्त माळ नव्हती.

याला आता सहा वर्षं झाली. दादा ओट्यावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. मी सकाळी त्याच्या हातावर गोळी ठेवते आणि तो गिळतो. कशाची आहे, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही.