विहीणबाईंचा उजवा हात

माझी बायको दोन हजार पाच साली अमेरिकेत, मॉरिसव्हिलला मुलाच्या घरी वारली. माझ्या चुकीनं वारली. लोक म्हणतात, असं बोलू नका. मी बोलणार.

दुपारी ती म्हणाली, "हाताला मुंग्या आल्यात. जीभ जड झालीय." मी म्हणालो, "हात अंगाखाली आला असेल. पड जरा." वर लिंबू सरबत पाजलं, त्याचा तिला ठसका लागला. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तोवर ती निजलेलीच. हॉस्पिटलात डॉक्टर मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता: या शेवटच्या ठणठणीत कधी होत्या? मला सांगता येईना. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन तेव्हा तीन तासांच्या आत द्यायचे. उशीर झाल्यावर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वेळच माहीत नाही म्हणून दिलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

ब्लड प्रेशरच्या गोळ्या तिनं इंडियातून सहा महिन्यांच्या आणल्या होत्या. मुक्काम वाढला, तशी ती एक दिवसाआड घ्यायला लागली. मीच म्हणालो होतो, "पुरवून घे."

तेव्हापासून कुणाजवळून उठलो की मी घड्याळ बघतो. मुलगा वैतागायचा, "बाबा, तुम्हाला कुठली फ्लाइट पकडायचीय?"

पुढच्या वर्षी सुनेचं बाळंतपण झालं. त्यासाठी तिची आई आली. विहीणबाईंचं आणि माझं एक दिवसही पटलं नाही. एका सकाळी मुलगा-सून कामावर, नात झोपलेली, विहीणबाई पोळ्या लाटत होत्या. मी टपाल आणायला निघालो.

"व्याहीबुवा, रोज त्या डब्यात काय बघता? पिझ्झ्याच्या कुपनांशिवाय येतं काय तुम्हाला?"

"तुमच्या पोळ्यांपेक्षा कुपनं मऊ असतात," मी म्हणालो. घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

रस्त्याच्या टोकाला जाऊन परत आलो. "घ्या, आली कुपनं." उत्तर नाही. या बाईनं मला उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. बघतो तर लाटणं खाली पडलेलं, तव्यावर पोळी करपतेय, आणि विहीणबाईंच्या तोंडाचा उजवा कोपरा ओघळलाय.

"दोन्ही हात वर करा," मी म्हणालो. डावा वर गेला. उजवा लोंबत राहिला.

"प... पडते जरा. पोरांना... नका बोलावू." शब्द एकमेकांत मिसळत होते. "पाणी..."

"पाणी नाही आणि पडणंही नाही!" मी ओरडलो. शेगडी बंद केली, त्यांना खुर्चीत टेकवलं आणि नऊ-एक-एक फिरवला. "स्ट्रोक. कम." एवढंच इंग्रजी निघालं. पत्ता मुलानं पाठ करून घेतला होता, तो म्हटला.

ॲम्ब्युलन्समधून दोघं उतरले, एक पुरुष, एक उंच बाई. बाई भराभर विचारायला लागली. "व्हेन" एवढं मला कळलं. इंग्रजी आकडे मला येतात, पण त्या घाईत एकही आठवेना. कागदावर ११.१० लिहिलं. ती ते मराठी आकडे बघतच राहिली. मी चौथी शिकलेला माणूस. भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं, मागची चावी फिरवून काटे अकरा दहावर आणले आणि विहीणबाईंकडे बोट केलं. "गुड." मग मोठा काटा पाच मिनिटं पुढं नेला. "बॅड."

बाईनं एकदा घड्याळाकडे, एकदा स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि वेळ हातमोज्यावर पेनानं लिहून घेतली. "थँक यू, सर," म्हणाली.

सून ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात गेली. मुलगा मला आणि नातीला घेऊन पोचला तोवर डोक्याचा फोटो काढून झाला होता. रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. वेळ शिल्लक होता. इंजेक्शन सुरू झालं.

सुनेला आईच्या पर्समध्ये ब्लड प्रेशरच्या गोळ्या सापडल्या. जेवढ्या संपायला हव्या होत्या, त्याच्या निम्म्याच संपलेल्या. ती रडायला लागली. मी म्हणालो, "रडू नकोस. उद्यापासून रोज माझ्यासमोर गिळतील. मी बघतो कशा नाही गिळत."

संध्याकाळी डॉक्टरनं विहीणबाईंना दोन्ही हात वर करायला सांगितलं. डावा गेला. उजवा चादरीवर नुसताच हलला. मग कोपर उचललं. मग थरथरत, थरथरत तो खांद्याच्या वर गेला आणि वरच राहिला. मी काय ओरडलो मला आठवत नाही. नर्स धावत आली.

"व्याही...बुवा," विहीणबाई म्हणाल्या. अडखळत, पण शब्द ओळखू येत होते. "घर नाहीये हे. हळू."

"नाही होणार हळू," मी म्हणालो.

मुलगा मला खाली कँटीनमध्ये घेऊन गेला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो, आणि वर दुसऱ्यांदा मागून घेतलं.